दोघांत एकच गन

बोरिवलीच्या एका वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

“ताई, मी ३१ वर्षांचा, आयटीत नोकरी करतो. आम्ही चौघं कॉलेजपासूनचे मित्र. त्यातल्या दोघांनी मागच्या वर्षी ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स केला, मी त्यातला एक. बाकीच्या दोघांनी पर्यटकांचं स्कूबा केलंय, पण पोहायला चौघंही पक्के. एकाच्या मेहुण्यानं ऑस्ट्रेलियाहून दोन स्पिअरगन, म्हणजे पाण्याखाली भाला सोडणाऱ्या गन, आणल्यात. बेत असा ठरलाय: डिसेंबरात शुक्रवारी रात्री निघायचं, मालवणात बोट करायची, सिलेंडर भाड्यानं घ्यायचे, मोठे मासे मारायचे, शेवंडी (लॉबस्टर) काढायच्या आणि संध्याकाळी होमस्टेवर चूल पेटवायची. रविवारी परत. तयारी म्हणून आम्ही सोसायटीच्या पूलमध्ये श्वास रोखायच्या पैजा लावतो. गनवाला मित्र म्हणतो, बुडी मारायच्या आधी वीस-पंचवीस जोरात श्वास घेतले की त्रासच होत नाही. खरंच होत नाही, माझी अडीच मिनिटं झाली. आता मढ-मार्वेला सराव करू म्हणतोय. मला समुद्र मनापासून आवडतो. स्वतःच्या हातानं काढलेला मासा आईला खाऊ घालावा असं फार वाटतं. पण खरं सांगू? भीती वाटते, आणि मित्रांसमोर बोलता येत नाही. आईनं तर ऐकल्यापासून अबोला धरलाय. जाऊ की नको?”

जा. पण ठरलंय तसं जाऊ नकोस. त्या बेतातल्या तीन-चार गोष्टी बदलल्याशिवाय तर मुळीच नको.

सुरुवात पूलपासून करते, कारण मालवणला अजून अवकाश आहे आणि पूल तुमच्या इमारतीच्या खालीच आहे. त्या पैजा आजपासून बंद. पोहायला पक्की असलेली, तरणीताठी माणसं पाच फूट पाण्यात अशीच जातात. काठावरच्यांना वाटतं, गडी विक्रम करतोय, आणि तो तळाशी बेशुद्ध पडलेला असतो.

असं का होतं ते नीट समजून घे, कारण तुझ्या मित्राचा सगळा भरवसा याच चुकीवर उभा आहे. पाण्याखाली छाती कासावीस होते ती ऑक्सिजन संपला म्हणून नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदू ‘श्वास घे’ म्हणून तगादा लावतो. वीस-पंचवीस जोरात श्वास घेतल्यानं ऑक्सिजनचा साठा जवळपास तेवढाच राहतो, कारण रक्त आधीच त्यानं भरलेलं असतं. बाहेर जातो तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे तुझा दम वाढलेला नाही, फक्त तगादा बंद पडलाय. अडीच मिनिटं त्रास झाला नाही याचा तुला अभिमान वाटतोय. मला ते वाक्य वाचून धडकी भरली.

समुद्रात याला आणखी एक जोड मिळते. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. त्या दाबानं फुप्फुसातला उरलासुरला ऑक्सिजनही रक्तात जात राहतो, त्यामुळे खाली अगदी छान वाटतं, अजून थोडं थांबावंसं वाटतं, दगडाखालचा तो गोबरा मासा बाहेर येतोय का बघावंसं वाटतं. मग तू वर निघतोस. दाब निम्म्यावर येतो आणि ऑक्सिजनचा जोरही तसाच कोसळतो. सगळ्यात मोठी घसरण शेवटच्या दहा मीटरांत असते. बेशुद्धी तिथेच गाठते, कधीकधी तर डोकं पाण्याबाहेर काढून एक श्वास घेतल्यावर. आधी चक्कर येत नाही, अंधारी येत नाही, घाबरायलाही वेळ मिळत नाही. ज्याचं असं झालंय त्याला स्वतःला ते कळतसुद्धा नाही.

म्हणून यातून वाचवतं ते शेजारचं माणूस. आणि शेजारचं म्हणजे बोटीवर बसून मोबाइलवर शूटिंग करणारं नव्हे.

कसं ते सांगते. समज, खाली आठ मीटर पाणी आणि खडक आहे. मित्र बुडी मारतो. तू वर पालथा, तोंडात स्नॉर्कल, नजर त्याच्यावर. तुझ्या हातात काही नाही. तो खडकाच्या कपारीपाशी स्थिरावतो, मारतो किंवा मारत नाही, आणि वर निघतो. तो अर्ध्यात आला की तू त्याच्याकडे थोडं खाली जातोस, त्याच्या डोळ्यांत बघत त्याच्यासोबत वर येतोस. तो डोकं बाहेर काढतो, श्वास घेतो, पण तुझी नजर हटत नाही. पुढची तीस सेकंद तू त्याच्या तोंडाकडेच बघतोयस. ओठ निळसर झालेत का, मान लटपटतेय का, विचारलं तर नीट उत्तर देतोय का. गडबड वाटली तर त्याचा चेहरा पाण्याबाहेर धर, मास्क काढ, गालावर फुंकर मार, नावानं हाक मार, ‘श्वास घे’ म्हण. बहुतेक वेळा माणूस तेवढ्यावर शुद्धीवर येतो. आला नाही तर तोंडानं श्वास द्यायचा आणि बोट बोलवायची. हेच तो एकटा असताना झालं असतं, तर पुढचा श्वास पाण्याचा असता.

मग तो वर निवांत पडून राहतो, खाली जितका वेळ होता त्याच्या निदान दुप्पट. आणि आता तू खाली जातोस, तो बघतो.

यासाठी जाणत्या लोकांनी एक साधी रीत लावून घेतली आहे: दोघांत एकच गन. दोघांच्या हातात गन असली की दोघांनाही मासा दिसतो आणि मित्र दिसत नाही. तुमच्याकडे दोन गन आहेत, माणसं चार. हिशोब आपोआप बसलाय. फक्त तसं वागायचं ठरवा.

आता सिलेंडर. माझं मत स्पष्ट आहे: सिलेंडर लावलास तर गन बोटीवर ठेव, गन घेतलीस तर सिलेंडर बोटीवर. इटली, फ्रान्स, स्पेनसारख्या देशांत सिलेंडर लावून भाल्यानं मासे मारायला कायद्यानंच बंदी आहे. त्यामागे माशांचा विचार आहे: श्वास रोखून जाणाऱ्याला वर यावंच लागतं, त्या वेळात मासा सुटतो, पाठीवर हवा असली की माणूस कपारीसमोर ठाण मांडून बसतो आणि एकेक उचलतो. पण माशाची काळजी घडीभर बाजूला ठेवली तरी तुझी आहेच. तुला कोर्समध्ये पहिला नियम शिकवला असेल, सिलेंडरची हवा घेताना श्वास कधीच रोखायचा नाही. नेम धरताना माणूस नेमका श्वासच रोखतो, बुडबुड्यांनी मासा बुजू नये म्हणून. तसाच भरल्या छातीनं तो दीड मीटर जरी वर तरंगला, तरी फुप्फुस फाटू शकतं. मग भाला लागलेला मासा दोरी घेऊन पळतो, तू त्याच्यामागे, वर येण्याचा वेग सुटतो, मीटरकडे बघायचं राहतं. ओपन वॉटरवाल्यांची मर्यादा १८ मीटर. जखमी माशाला ती माहीत नसते.

आणि तुमच्यासारख्या मिश्र टोळीत एक प्रकार हमखास होतो, म्हणून बजावून सांगते. दोघं सिलेंडरवर खाली, दोघं श्वास रोखून वरून येणारे. खाली आलेल्याला दम कमी पडतो, तो मित्राच्या रेग्युलेटरमधून एक घोट हवा घेतो आणि सवयीनं श्वास रोखून वर निघतो. दहा मीटरवर भरलेली छाती वर येईपर्यंत दुप्पट व्हायला बघते. वरून भरून नेलेला श्वास खाली आकसतो आणि वर येताना मूळपदावर येतो, त्यानं काही होत नाही. खाली घेतलेल्या श्वासानं मात्र जीव जातो. असं कधीही करू नका.

सकाळी स्कूबा आणि दुपारी श्वास रोखून बुड्या, हेही एका दिवशी नको. सिलेंडरच्या हवेतून अंगात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडायला हवा असतो, नाहीतर अंगातच त्याचे बुडबुडे होतात. त्याच कारणानं परतीचा रस्ता बघ. एकापेक्षा जास्त डाइव्ह झाले असतील तर विमानाआधी निदान १८ तास जाऊ द्यायचे, म्हणजे रविवारी डाइव्ह करून त्याच दिवशी चिपी विमानतळाहून उड्डाण नको. गाडीनं आंबोली चढून कोल्हापूरमार्गे येणार असाल तर घाट सुमारे ७०० मीटर उंच आहे, तोही डाइव्हच्या दिवशी नको. कोकण रेल्वे किनाऱ्याच्या अंगानं सखल भागातून येते, तीच बरी. शुक्रवारी रात्रभर गाडी चालवायची, वाटेत बिअर आणि सकाळी आठला पाण्यात, हा बेतही मोडा. झोप न झालेला, अंगातलं पाणी आटलेला माणूस खाली लवकर ढेपाळतो. शनिवार नुसता किनाऱ्यावर घालवा.

मालवणातली जागा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटर. पर्यटकांना स्कूबाला नेतात ती ठिकाणं बरीचशी त्याच भागात. तिथे गन पाण्यात काढायचीच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा लागतो, तो एक भाग झाला. दुसरं म्हणजे तिथला मासा रोज माणसं बघतो, हाताच्या अंतरावर येतो. त्याला मारण्यात कसलं कसब? शिवाय मालवणचे पारंपरिक मच्छीमार पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी आणि एलईडी दिव्यांनी मासे पकडणाऱ्यांशी वर्षानुवर्षं भांडतायत, कारण त्यांच्या पाण्यातला मासा बाहेरचे उपसून नेतात. त्यांच्यासमोर मुंबईची चार पोरं सिलेंडर आणि गन घेऊन उतरली तर त्यांना काय वाटेल याचा विचार कर. आधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या तिथल्या कार्यालयात विचार, मग गावच्या मच्छीमार सोसायटीत जाऊन सांग, कुठे उतरलं तर चालेल विचार. ‘नको’ म्हणाले तर नको. ‘चालेल’ म्हणाले तर त्यांच्यातलाच बोटवाला घ्या. त्याला खडक माहीत, करंट माहीत, कुणाची जाळी कुठे लागलीय तेही माहीत.

काय मारायचं? भालेवाल्याचा फायदा हा की जाळ्यासारखं सरसकट वर येत नाही, बघून निवडता येतं. म्हणून ती निवड खरोखर करायची. खडकातला सगळ्यात मोठा गोबरा दिसला की हात शिवशिवतात. पण गोबऱ्याच्या बहुतेक जाती जन्माला मादी येतात आणि मोठ्या झाल्यावर त्यातले काही नर होतात. सगळ्यात थोरला मारलास म्हणजे त्या खडकावरचा कदाचित एकुलता नर मारलास. एक मध्यम तांबोशी चौघांना आणि होमस्टेच्या घराला पुरते. तेवढ्यावर थांबा. समुद्री घोडा, समुद्री काकडी, प्रवाळ, कासव यांना हातसुद्धा लावायचा नाही. जे मारलं ते विकायचं नाही, रीलसाठी ओळीनं मांडायचं नाही.

शेवंडीबद्दल जरा जास्त सांगते, कारण मी वेसाव्याची आणि हे आमच्याच समुद्रात घडलंय. मुंबईच्या पाण्यात चपट्या शेवंडीची भरपूर मासेमारी होती. अंड्यांवरच्या माद्याही ट्रॉलच्या जाळ्यात येत राहिल्या, आणि १९९४ च्या सुमाराला ती मासेमारी बसली ती बसलीच. शेवंड हातात आली की पहिल्यांदा उलटी कर. शेपटीच्या खाली, पोटाच्या बाजूला, नारिंगी दाण्यांचा गच्च पुंजका दिसला तर ती अंड्यांवर आहे. लाखांनी अंडी असतात. जिथून काढलीस त्याच कपारीत ठेव, वरून सोडून देऊ नकोस, खाली पोहोचेपर्यंत मासे तिला सोडत नाहीत. लहान असेल तरीही ठेव. आपल्याकडच्या खडकाळ-चिखलातल्या हिरवट शेवंडीला निर्यातीसाठी निदान ३०० ग्रॅम वजनाची अट आहे. तू निर्यातदार नसलास तरी तेच माप मान. शेवंडीवर भाला तर चालवायचाच नाही, कारण भोसकल्यावर अंडी दिसून उपयोग काय? जाड हातमोजा घाल आणि हात घालण्याआधी कपारीत टॉर्च मार, आत वाम (सापासारखा लांब, चावरा मासा) बसलेली असू शकते. पाकटाचा किंवा कसलाही विषारी काटा लागला तर हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात जखम तासभर बुडवून ठेव, वेदना उतरते, आणि तसंच डॉक्टरकडे ने.

मढ-मार्वेचा सराव विसर. आमच्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो आणि तेवढं सगळं पाणी खाडीच्या तोंडातून आतबाहेर करतं. पाणी गढूळ, पुढे केलेला स्वतःचा हात दिसत नाही. त्या ओढीतच डोल जाळी लावलेली असतात, मोठ्या तोंडाची, शेपटाकडे निमुळती. ओढ जे आणेल ते आत. मासाही आणि माणूसही. आणि जिथे गनच्या पल्ल्याइतकं लांबचं दिसत नाही तिथे गन चालवायची नसते. शिवाय २००८ नंतर मुंबईच्या किनाऱ्यावर पोलीस, तटरक्षक दल, नौदल सगळ्यांची नजर असते. हातात स्पिअरगन घेऊन उतरलेल्या चार पोरांना पहिला प्रश्न मासेमारीचा विचारणार नाहीत.

सराव हवा तर श्वास रोखून डायव्हिंग शिकवणाऱ्या प्रशिक्षकाकडे रीतसर शिका, चौघंही. त्यात सुटका कशी करायची हे हातानं करून घेतात, ते वाचून येत नाही. वजनाचा पट्टा एका ओढीत सुटणारा हवा, आणि वजन इतकंच की श्वास सोडल्यावरही पृष्ठभागावर तरंगता आलं पाहिजे. गन फक्त पाण्यात असताना ताणायची, बोटीला हात लावायच्या आधी रबर उतरवायचं. रबर ताणलेली गन बोटीत आली तर त्या दिवसाचं सगळं थांबवायचं, कुणाचीही असली तरी. पाण्यावर झेंड्याचा तरंगता फ्लोट हवाच, मालवणात पर्यटकांच्या बोटी सुसाट फिरतात.

उरले मित्र. तू लिहिलंस की भीती बोलता येत नाही. मला वाटतं तुला भित्रा ठरायची भीती जास्त आहे, समुद्राची कमी. म्हणून ‘मला भीती वाटते’ असं म्हणूच नकोस, खरं असलं तरी. चौघं बसलेले असताना एवढंच विचार: “मी खाली असताना वर कोण थांबणार? हातात गन न घेता, पूर्ण वेळ?” एकानं जरी लगेच ‘मी’ म्हटलं तर तुला जोडीदार मिळाला. कुणी म्हटलं ‘अरे, काही होत नाही’, तर तो किती का जुना मित्र असेना, चहाला त्याच्यासोबत जा, पाण्यात नको. आणि पहिल्या दिवशी वर थांबणारा तू हो. गनवाल्याला म्हण, ‘तू जा, मी बघतो.’ त्यानं कोणालाही कमीपणा येत नाही, तुला पाण्याची सवय होते, आणि दुपारपर्यंत तुला कळेल की हे तुला खरंच करायचंय का.

नाही करावंसं वाटलं, तरी आईचा मासा चुकत नाही. किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून दोरानं ओढायचं मोठं जाळं, लागते तेव्हा विचारून दोर ओढायला लाग. हात चोळवटून निघतात, पण ओढणाऱ्याच्या पदरात चार मासे पडतातच. नाहीतर संध्याकाळच्या लिलावाला उभा राहा आणि ज्याच्या बोटीचा आहे त्याच्याकडून घे. आईला कुठला मासा जास्त गोड लागेल हे तिचं ती ठरवेल.

तिच्या अबोल्याला मनधरणी करून उपयोग नाही, तिला कागद दे. बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, बोटवाल्याचा फोन, होमस्टेचा फोन, किती वाजता पाण्यात आणि किती वाजता बाहेर. डाइव्ह सेंटरला विचारून, डायव्हिंगच्या आजारावर दाबाच्या चेंबरचा उपचार जवळात जवळ कुठे मिळतो तेही लिही. खाली तटरक्षक दलाचा समुद्रातल्या मदतीचा क्रमांक, १५५४. ठरल्या वेळेनंतर तासाभरात तुझा फोन आला नाही तर कुणाला लावायचा, हे तिच्याशी बसून ठरव. त्या कागदावर भरायला ज्या गोष्टी तुमच्याकडे अजून नाहीत, त्या मिळेपर्यंत तिकिटं काढू नका.